मदत हवी आहे: वरच्या मजल्यावरील खोलीसाठी छताचा पंखा कोणता घ्यावा?

जुळेसोलापूरकर:
आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मेमध्ये पंखा पाचवर ठेवला तरी मध्यरात्रीपर्यंत अंगावर वाफाच येतात. त्यात वडिलांना पंख्याची घरघर सहन होत नाही आणि मुलाला मंद पंखा चालत नाही. दुकानदार तीन पात्यांचा, चार पात्यांचा, दिव्याचा असे सगळे प्रकार दाखवून प्रत्येकच उत्तम असल्याचे सांगतो. शनिवारपर्यंत घ्यायचाच आहे, तेव्हा कृपया थेट नाव सांगावे.

निवृत्त_वायरमन:
खोली किती बाय किती, छत किती उंच आणि ते स्लॅबचे की पत्र्याचे, हे आपण लिहिलेलेच नाही; मग नाव कशाच्या आधारावर सांगायचे? पाती जमिनीपासून निदान सात फूट वर आणि छतापासून सुमारे फूटभर खाली हवीत. छताला चिकटलेल्या पंख्याला वरून हवा ओढायला जागाच उरत नाही, मग तो कितीही महाग असो.

वीजबिल_बघा:
बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा) घ्यावा. साधा पंखा पूर्ण वेगात ७० ते ७५ वॅट घेतो, हा साधारण ३० वॅटमध्ये भागवतो. व्होल्टेज उतरले तरी वेग टिकतो आणि इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार रेटिंग सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावे.

माळवदवाला:
बिलाबद्दल त्यांनी विचारलेच कुठे आहे? पंखा हवा थंड करत नाही, तो फक्त अंगावरचा घाम लवकर वाळवतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि पंखा छताखालची तीच तापलेली हवा खाली लोटतो. आधी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. आमच्या धाब्याच्या घरात जाड मातीमुळे ही वेळच येत नाही.

रत्नागिरीहून:
आमच्याकडे खाऱ्या हवेने लोखंडी भागांना गंज चढतो, म्हणून ॲल्युमिनियमची पाती आणि चांगला रंग पाहूनच पंखा घ्यावा. कूलर मात्र घेऊ नये, दमटपणा वाढतो.

माळवदवाला:
अहो, सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो. खिडकी उघडी ठेवली तर इथे कूलरच खरा कामाचा.

जुळेसोलापूरकर:
कूलरचा आवाज वडिलांना पंख्याहून जास्त त्रास देईल. खोली दहा बाय बारा, स्लॅब, उंची साडेनऊ फूट. सध्याच्या पंख्याचा कंडेन्सर (मोटरला जोर देणारा छोटा भाग) बदलून झालेला आहे, हेही सांगून ठेवतो. चार पाती घेतली तर वारा वाढेल का?

निवृत्त_वायरमन:
पाती वाढली म्हणून वारा वाढतोच असे नाही. चार-पाच पात्यांचे संथ, शांत पंखे एसीच्या खोलीत शोभतात. थंड देशांत तर वर साचलेली ऊब खाली यावी म्हणून ते उलटेही फिरवतात. आपल्याकडे तीन पात्यांचा, १२०० मिमीचा, म्हणजे अठ्ठेचाळीस इंची पंखा बरा. दांडी फूटभर ठेवली तर पाती सुमारे साडेआठ फुटांवर येतील. पेटीवरचा हवेचा आकडा मात्र वाचावा. २१० घनमीटर प्रतिमिनिट किंवा त्याहून जास्त असावा. घरघर पंख्याची की रेग्युलेटरची, हे आधी रेग्युलेटर पूर्ण उघडून ऐकून पाहावे, कारण मधल्या वेगावरच गुणगुण होत असेल तर दोष बहुधा तिथे असतो.

वीजबिल_बघा:
म्हणूनच बीएलडीसी म्हणालो, त्याला रेग्युलेटर लागतच नाही.

निवृत्त_वायरमन:
लागत नाही हे खरे. पण भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून घ्यावा लागतो, आणि वडिलांना अंधारात रिमोट सापडेल का, हेही त्यांनाच विचारून घ्यावे.