आईसाठी स्टेअरलिफ्ट (जिन्यावर रुळावरून वर-खाली जाणारी खुर्ची) बसवायची आहे, कोणाच्या घरी आहे का?

म्हापशेकर:
नमस्कार मंडळी. आमचं म्हापशाला दुमजली घर आहे. आई ७६ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशन नको म्हणते. झोपायची खोली वर आणि देवघर खाली, सकाळची पूजा मीच करणार हा तिचा हट्ट, त्यामुळे रोज कठडा धरून एकेक पायरी उतरते आणि मी खाली उभा राहून बघत असतो, अक्षरशः पोटात गोळा येतो. जिना चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा), वर टाइल्स, मधे एक वळण. वळणामुळे खर्च खूप वाढेल म्हणतात, खरं का? आणि पावसात लाइट गेली नि ती मधेच अडकली तर? चवथीच्या आधी बसवायचा विचार आहे.

फोंड्याची सून:
दादा, आमच्याकडे सासऱ्यांसाठी बसवून तीन वर्षं होतील. लाइटचं टेन्शन घेऊ नका, खुर्ची बॅटरीवर चालते, वर किंवा खाली चार्जिंगच्या जागी उभी असली की आपोआप चार्ज होते, लाइट नसली तरी काही फेऱ्या आरामात होतात. आमची चूक वेगळीच झाली. गडगडायला लागलं की आमच्याकडे सगळे प्लग काढायची सवय, तसा तिचाही काढला आणि मग आठ दिवस गावाला गेलो, स्विच बंदच राहिला, आल्यावर बॅटऱ्या पार मेलेल्या, नव्या घालाव्या लागल्या. आता त्या स्विचवर कागद चिकटवलाय, बंद करू नये म्हणून.
आणखी एक मनापासून सांगते, विकत घ्यायच्या आधी आईंना प्रत्यक्ष खुर्चीवर बसवून उठवून बघा. वर जाणं सोपं असतं, खरा त्रास बसताना आणि उतरताना. सासऱ्यांना सीट एवढी खाली वाटायची की उठताना मलाच हात द्यावा लागायचा, शेवटी माणूस बोलावून उंची वाढवून घेतली. वर पोचल्यावर सीट वळते का तेही बघा, म्हणजे पाय जिन्याकडे न येता सपाट जमिनीवर येतात. हे नसेल तर घेऊच नका.

डिचोलीकर (इलेक्ट्रिकचं काम करतो):
वळणाचं खरं आहे. सरळ जिन्याचा रूळ मापाने कापून बसतो, वळणाचा मात्र तुमच्याच जिन्यासाठी वाकवून बनवावा लागतो म्हणून महाग, वेळही जास्त, आणि नंतर दुसऱ्याला विकायला गेलात तर त्याच्या जिन्याला बसत नाही. चवथीच्या आधी पाहिजे तर माप आत्ताच घ्यायला सांगा. रूळ बहुतेक भिंतीला नसतो, पायऱ्यांवर बोल्ट मारून उभा करतात. तुमच्या टाइल्सखाली चिरा आहे, तो ठिसूळ निघाला तर साधा बोल्ट धरत नाही, टाइलही तडकते, तेव्हा बसवणाऱ्याला आधी एका पायरीत भोक मारून बघायला लावा. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब एकदम वाढला तर मशीन वाचवणारं उपकरण) लावा, मग प्लग काढायची गरज कमी पडेल. समुद्राजवळ असाल तर खारी हवा आहे, सर्व्हिसिंग चुकवू नका.

पेडण्याची नात:
सॉरी, पण वळणाच्या रुळावर एवढा पैसा घालण्यापेक्षा आईंची खोलीच खाली आणली तर? आम्ही आजीसाठी सोप्याला लागून असलेली खोली रिकामी केली, बाथरूममध्ये हँडल लावले, झालं.

म्हापशेकर:
सगळ्यांचे आभार. ताई, खोली खाली आणायचं मीच पहिल्यांदा सुचवलं होतं, पण खाली बाथरूम मागच्या अंगणात आहे आणि पावसात रात्री तिला तिथे पाठवणं मला जमणार नाही. आज जिना मोजला, कठड्यापासून भिंतीपर्यंत ८२ सेंमी भरतो. खुर्ची दुमडल्यावर बाकीच्यांना जायला पुरेल का? चवथीला भावाची पोरं येतात, ती त्यावर बसून खेळणार हे नक्की.

फोंड्याची सून:
आमचा जिना साधारण एवढाच आहे, दुमडल्यावर एक माणूस आरामात जातो, गणपती वर न्यायचा असेल तर मात्र अडचण होईल. पोरांसाठी चावीचं लॉक येतं, ते आहे का विचारा. चावी आईंच्या पदराला बांधा.

म्हापशेकर:
गणपती खालीच बसतो. शनिवारी आईला घेऊन खुर्ची बघायला जातोय, उठताना कसं वाटतं ते तिच्याच तोंडून ऐकतो आणि इथे लिहितो.