मदत हवी आहे: इस्रायलचा 'बर्थराइट' कार्यक्रम की 'मासा'? ठाण्याहून भाचीला पाठवायचंय

शालोम मंडळी,

माझी भाची २२ वर्षांची, बीकॉम झाली आहे. तिला एकदा इस्रायल बघायचंय. आम्ही मराठी ज्यू; आमचे अर्धे नातेवाईक तिकडे दिमोना आणि अश्दोदला, पण तिची त्यांच्याशी ओळख व्हिडिओ कॉलपुरतीच.

बर्थराइट १९९९ पासून चालू आहे. साधारण दहा दिवसांची मोफत सहल, जगभरातल्या ज्यू तरुणांसाठी, हे माहीत आहे. पण भारतातून हल्ली स्वतंत्र गट जातो का, की दुसऱ्या देशाच्या गटात बसवतात? सहल संपल्यावर परतीचं तिकीट पुढे ढकलून दिमोनाच्या मावशीकडे राहता येतं का? मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. जेरुसलेम काय, बसमधूनही दिसतं. मावशीच्या घरचा मलिदा आणि मराठीतल्या गप्पा गाइड थोडाच देणार!

दुसरा पर्याय 'मासा', इस्रायलमध्ये राहण्याचा काही महिन्यांचा कार्यक्रम. त्यात इंग्रजी शिकवायचं काम असतं म्हणे. भारतातल्या मुलांना ते मिळतं का, आणि पदरचे किती घालावे लागतात?

खरी अडचण ज्यू असल्याच्या कागदपत्रांची. आजी-आजोबांच्या केतुबावर (ज्यू विवाहपत्रावर) हिब्रू नावं, आधारवर गावावरून पडलेलं 'कर' आडनाव. सिनेगॉगचं (आमच्या प्रार्थनास्थळाचं) पत्र मिळेल, पण तेवढं पुरतं का? की नावांसाठी अ‍ॅफिडेव्हिटही करून ठेवू?

गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाची मुलं जाऊन आली असतील तर प्लीज सांगा. तिकडची परिस्थिती बघता तिच्या आईला विम्याची आणि सुरक्षेचीही माहिती हवी आहे.