मदत हवी आहे: उपासनेला येणाऱ्यांकडे कोविड लसीचे प्रमाणपत्र मागावे का?

सातपुडा_पायथा (६ डिसेंबर २०२१)

नमस्कार. येत्या रविवारी आमच्या मंडळीच्या पंचांची बैठक आहे आणि तीत एकच प्रश्न निकाली काढायचा आहे: चर्चमध्ये उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाकडे दोन्ही डोसांचे प्रमाणपत्र मागायचे की नाही. ७ ऑक्टोबरला प्रार्थनास्थळे उघडली तेव्हा मास्क आणि अंतर यांवर आमचे भागले होते. परंतु कार्यक्रमांना येणाऱ्यांचे लसीकरण पूर्ण हवे, असा महाराष्ट्र शासनाचा २७ नोव्हेंबरचा आदेश आल्यापासून पंचांत सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाला नाताळात दंड भरण्याची वेळ येऊ नये म्हणून दारावर तपासणी हवी आहे. प्रभूच्या घराच्या दारात कोणाकडे कागद मागणे दुसऱ्या तटाला मुळीच मान्य नाही. पाळकसाहेबांनी ठरावाचा मसुदा करण्याचे काम चिटणीस म्हणून माझ्यावर सोपवले आहे. आपापल्या मंडळीने काय ठरवले आणि ठराव कोणत्या शब्दांत लिहिला, एवढेच कृपया लवकर सांगावे. लस चांगली की वाईट, ही चर्चा येथे नको.

तापीकाठ

चिटणीस साहेब, आपण जे लिहिले आहे त्यावरून ठराव लिहिता येणार नाही. मंडळी कोणत्या गावची आहे, चर्चला खिडक्या किती आहेत, लस न घेतलेले लोक नकार देणारे आहेत की राहून गेलेले आहेत, हे काहीच कळत नाही. नकार देणाऱ्याशी करायची बोलणी वेगळी असतात आणि ज्याच्यापर्यंत डोस पोहोचलाच नाही त्याच्याशी करायची वेगळी. आदेशाचे म्हणाल, तर त्यात तिकीट असलेल्या आणि नसलेल्या कार्यक्रमांना, तसेच समारंभांना येणारे सर्व जण पूर्ण लसीकृत असावेत, असे म्हटले आहे, आणि दुसऱ्या डोसानंतर १४ दिवस उलटल्यावरच माणूस पूर्ण लसीकृत धरला जातो. दर रविवारची उपासना या अर्थाने ‘कार्यक्रम’ ठरते का, हे येथे आपसांत ठरवण्यापेक्षा तहसीलदारांना लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे सोपा मार्ग निघाला. सकाळची उपासना दोन्ही डोस झालेल्यांसाठी आणि दुपारची सर्वांसाठी, अशी विभागणी केली. कोणालाही परत पाठवले नाही आणि वृद्धांनाही निर्धास्तपणे येता आले. तुम्हीही हेच करा, वाद मिटेल.

रेवाकाठची_लेक

भाऊ, वाद मिटला नाही, त्याची वाटणी झाली. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत आलेल्या श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना काय सुनावले आहे, ते आपणही कितीदा ऐकले असेल. सकाळचे लोक कोण आणि दुपारचे कोण, हे गावाला दोन रविवारांत पाठ होते. एकदा दुपारचा ठरलेला माणूस साथ संपल्यावरही दुपारचाच राहतो.

भुसावळ_जंक्शन

ताई, वचन मलाही ठाऊक आहे. पण माझ्या आईचे डायलिसिस चालू आहे आणि मार्च २०२० पासून ती चर्चची पायरी चढलेली नाही. लस न घेतलेल्या माणसाच्या शेजारी बसण्याची तिला भीती वाटते, आणि ती भीती अनाठायी नाही. सर्वांना सामावून घ्यायचे म्हणता, तेव्हा त्या ‘सर्वां’मध्ये ती आहे की नाही? तपासणी नाही म्हणून जे घरी बसतात, त्यांना दारातून परत पाठवलेले कोणाला दिसत नाही, म्हणून त्यांची गणतीही होत नाही. पोप फ्रान्सिस यांनी गेल्या ऑगस्टमध्ये लस घेणे ही प्रेमाची कृती आहे असे म्हटले. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी मला ते पटते.

डिजिटल_पाळक

उपासना मोबाइलवरून थेट दाखवावी. तिपाईवर मोबाइल लावून यूट्यूबवर प्रक्षेपण केल्यास दारावर तपासणीची गरजच उरत नाही. कोणता माईक घ्यावा याची माहिती हवी असल्यास विचारावी.

सातपुडा_पायथा

माईक नको आहे. तापीकाठ यांनी विचारले ते सांगतो. मला वाटले होते की ते सांगावे लागणार नाही. आमची मंडळी नवापूर तालुक्यातील आहे. सभासदांपैकी निम्म्याहून अधिक पाड्यांवरच्या मावची आदिवासी कुटुंबांतील आहेत. दिवाळी झाली की त्यांतील पुष्कळ जण ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गुजरातेत जातात आणि नाताळासाठी दोन-चार दिवस घरी येतात. त्यांनी पहिला डोस गावच्या शिबिरात घेतला. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसाला १२ ते १६ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, आणि तो दिवस आला तेव्हा ही माणसे उसाच्या फडात होती. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर एका मोबाइल नंबरावर चारच नावे बसतात. म्हणून शिबिरात कोणाचे नाव शिक्षकाच्या नंबरावर, तर कोणाचे मुकादमाच्या नंबरावर घातले गेले. आता ओटीपी मुकादमाकडे जातो आणि मुकादम बारडोलीकडे आहे. ज्याने लस घेतली आहे त्याच्याकडेही दाखवायला कागद नाही. ठाम नकार देणारी दोन-तीनच घरे आहेत, आणि ती पाड्यावरची नसून गावातली, शिकलेली आहेत. दारावर कागद मागितला, तर ही घरे भांडून आत येतील आणि पाड्यावरची म्हातारी मुकाट्याने मागे फिरेल. माझा सगळा पेच हा आहे.

तापीकाठ

हे पहिल्याच वेळी लिहिले असते तर बरे झाले असते. आता प्रश्न पूर्ण वेगळा दिसतो. आपल्याकडची अडचण श्रद्धेची कमी आणि नोंदीची जास्त आहे.

शिरपूरची_सिस्टर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते आणि रविवारी आमच्या मंडळीत गीतांच्या पथकात गाते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. लस घेतलेल्या माणसाचा आजार गंभीर होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, म्हणून प्रत्येकाने ती घ्यावीच. परंतु विषाणूचा डेल्टा हा प्रकार आल्यापासून लस घेतलेल्यालाही लागण होते आणि त्याच्याकडून ती पुढेही जाते. तेव्हा दारावर कागद पाहून आत खिडक्या बंद ठेवल्या, तर भुसावळच्या भाऊंच्या आईचे रक्षण होत नाही. तिचे रक्षण मोकळ्या हवेने आणि शेजाऱ्याच्या मास्कने होईल.

गाण्याचाही विचार कोणी केलेला दिसत नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅगिट भागात एका गायकवृंदाचा अडीच तास सराव झाला. त्या वेळी लस नव्हतीच. आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. बंद खोलीत मोठ्याने गायल्यावर श्वासातले कण किती दूर जातात, हे त्यावरून ध्यानात यावे. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये प्रार्थनास्थळांसाठी दिलेल्या सूचनांत गायकवृंद टाळून ध्वनिमुद्रित गीते लावावीत असे म्हटले होते, ते याच कारणाने. आमच्या मंडळीने उपासना आवारातील चिंचेखाली नेली, गीते मास्क लावून आणि दोनच कडवी म्हणायचे ठरवले, आणि प्रभुभोजनाला एकाच प्याल्याऐवजी प्रत्येकाला लहान पेला दिला.

रेवाकाठची_लेक

सिस्टर, दोनच कडव्यांवर थांबणे आमच्या आज्यांना फार जड जाईल. तरी हा नियम सर्वांना सारखाच लागू होतो, म्हणून मला तो मान्य आहे.

जळगाव_वकील

मी सक्तीच्या विरोधात आहे. गेल्या महिन्यात औरंगाबाद जिल्ह्यात पेट्रोल आणि रेशनसुद्धा लसीच्या अटीवर देण्याचा आदेश निघाला, आणि तेव्हापासून प्रत्येक संस्थेला आपणही एखादी अट घालावी असे वाटू लागले आहे. चिटणीसांना एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. आदेशात नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये आणि नियम पाळून न घेणाऱ्या आस्थापनेला १०,००० रुपये दंड आहे. म्हणून तहसीलदारांचे उत्तर येईपर्यंत ठरावात ‘तपासणी करणार नाही’ असे उघड वाक्य लिहू नये. मंडळी कोणते उपाय करणार आहे, तेच लिहावे.

भुसावळ_जंक्शन

वकीलसाहेबांचे सक्तीविषयीचे मत मला मान्य नाही. पण उपासना उघड्यावर होणार असेल तर मी आईला कडेच्या खुर्चीवर बसवून आणीन. आमच्याकडे आवार नाही, म्हणून दोन वेळा ठरवाव्या लागल्या, हेही येथे सांगायला हवे.

सातपुडा_पायथा

आवार आमच्याकडे मोठे आहे. सकाळी थंडी असते, म्हणून साडेदहाची वेळ ठेवता येईल. मसुद्यात आता एवढे घेतो: उपासना आवारात होईल, मास्क सर्वांना बंधनकारक राहील, वृद्ध व आजारी सभासदांसाठी पुढे वाऱ्याच्या बाजूला अंतर ठेवून वेगळ्या रांगा असतील, आणि तहसीलदारांना पत्र सोमवारीच जाईल. सिस्टर, एकच विचारायचे राहिले. नाताळासाठी जे घरी येतील त्यांना त्याच दोन-चार दिवसांत दुसरा डोस मिळेल का? पुष्कळांचे १६ आठवडे केव्हाच उलटले आहेत, आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल या समजुतीने ते केंद्रावर जातच नाहीत.

शिरपूरची_सिस्टर

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. उशीर झाला असला तरी राहिलेला डोस घ्यायचा, मात्र तो त्याच लसीचा असला पाहिजे. नोंद पहिल्या डोसाच्याच मोबाइल नंबरावर काढा. नवा नंबर दिला की संगणक तो पुन्हा पहिलाच डोस धरतो आणि प्रमाणपत्र अर्धवट राहते. मुकादमाला आधी फोन करून त्या वेळी मोबाइल हाताशी ठेवायला सांगा. घरोघरी जाऊन लस देण्याची ‘हर घर दस्तक’ मोहीम चालूच आहे, तेव्हा तुमच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाळकसाहेबांच्या सहीचे पत्र द्या आणि २४ व २६ डिसेंबरला चर्चच्या आवारातच सत्र मागा. यादी आशाताईंकडून घ्या: नाव, पहिल्या डोसाची तारीख, कोणता नंबर दिला आणि कोणते ओळखपत्र दाखवले. ही यादी आधी तयार असेल तर लोकांना रांगेत ताटकळावे लागत नाही. लस घेऊन झाल्यावर अर्धा तास बसवावे लागते, त्यासाठी सावलीत सतरंज्या आणि पिण्याचे पाणी ठेवा. आणि गावातल्या त्या दोन-तीन घरांकडे पाळकसाहेबांनी स्वतः जावे, ठरावाचा कागद न घेता.

सातपुडा_पायथा

आभारी आहे. मुकादमाचा फोन लागला आहे. तो २३ तारखेला स्वतःच गावी येत आहे. आशाताईंकडे उद्या सकाळी जातो.