तापमान सेन्सरने शीतलन आलेख: वाचनं मध्येच ८५ आणि −१२७ का दाखवतात? (शिक्षकाचा प्रश्न आणि त्यावरची उत्तरं; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

प्रयोगवही
नववीच्या वर्गासाठी दोन प्रयोग सेन्सरवर बसवायचे आहेत. पहिला, गरम पाणी थंड होण्याचा आलेख. दुसरा, स्टिअरिक आम्ल गोठताना तापमान जिथे स्थिर राहतं तो सपाट भाग. साहित्य: आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम भरता येणारं छोटं सर्किट बोर्ड), स्टीलच्या नळीत बंद केलेला तीन तारांचा डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पट्टी). तापमानाप्रमाणे व्होल्टेज देणारे दोन एलएम३५ सेन्सरसुद्धा हाताशी आहेत.

अडचणी अशा: वाचनांत मध्येच ८५.०० येतं, कधी −१२७. पाणी थंड होत असताना सेन्सर काचेच्या तापमापकापेक्षा दीड-दोन अंश जास्त दाखवतो. मुलं विचारतात, खरं कोणाचं? आणि हे सेन्सर सोडून एलएम३५ वापरले तर सोपं पडेल का?

तारजोडणी
आधी विजेची बाजू. −१२७ हे तापमान नाही. सेन्सरकडून उत्तरच आलं नाही की डॅलसटेम्परेचर लायब्ररी (हा सेन्सर वाचणारा तयार प्रोग्रॅम) हा आकडा देते. कारण बहुतेक वेळा ब्रेडबोर्डातली सैल तार किंवा जोडायचा राहून गेलेला रोधक. डेटाची तार आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोधक हवाच (पट्टे पिवळा, जांभळा, लाल). तारांचे रंग सहसा लाल म्हणजे पुरवठा, काळा म्हणजे जमीन (ग्राउंड), पिवळा म्हणजे डेटा असे असतात, पण काही माल वेगळ्या रंगांत येतो, म्हणून सोबतचा कागद पाहूनच जोडा. उलटा जोडलेला सेन्सर काही सेकंदांत चटका बसण्याइतका तापतो. तसं झालं तर लगेच पुरवठा काढा.

८५ची गोष्ट वेगळी. चालू झाल्यावर सेन्सरच्या आत हाच आकडा भरलेला असतो. मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलंत, किंवा क्षणभर पुरवठा तुटून तो पुन्हा सुरू झाला, की ८५ मिळतं. १२ बिटांच्या मोजमापाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात. दर ५ किंवा १० सेकंदांनी एक वाचन घ्या, शीतलनाला तेवढं पुरतं.

इथे एक सावधगिरी. प्रोग्रॅममध्ये सगळे ८५ सरसकट गाळू नका. ९५ अंशांवरून थंड होणारं पाणी खरोखरच ८५मधून जातं! आधीच्या वाचनापेक्षा एकदम ५ अंशांहून जास्त उडी असेल तेवढंच वाचन टाकून द्या.

एलएम३५ सोपा दिसतो, दर अंशाला १० मिलिव्होल्ट. पण उनो ते व्होल्टेज ५ व्होल्टशी ताडून मोजतं आणि यूएसबीचे ५ व्होल्ट नेमके ५ असतीलच असं नाही. प्रत्यक्षात ४.७५ असतील तर ६० अंशांचे ६३ दिसतात. शिवाय एक पायरी, म्हणजे दिसू शकणारा सर्वांत लहान फरक, जवळजवळ अर्ध्या अंशाची पडते. ताडण्यासाठी ५ व्होल्टऐवजी उनोच्या आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला तर पायरी ०.१ अंशापर्यंत येते, पण तो संदर्भही चिपगणिक थोडा बदलतो, म्हणजे ज्ञात तापमानाशी एकदा जुळवणी करावी लागतेच. आणि उघडे पाय पाण्यात बुडाले की वाचन संपलं. द्रवात मोजायचं असेल तर डीएस१८बी२०च ठेवा.

उष्मामापी
खरं कोणाचं, हा मुलांचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, त्याला वेळ द्या. सेन्सर पाण्याचं तापमान सांगत नाही. तो स्वतःचं सांगतो. स्टीलची नळी, आतला भराव, मग चिप, एवढ्यातून उष्णता जायला वेळ लागतो. हा उशीर मुलांनाच मोजू द्या. सेन्सर खोलीच्या तापमानाला स्थिर करा, मग ढवळत्या गरम पाण्यात बुडवा आणि दर सेकंदाला वाचन घ्या. एकूण फरकाचा ६३ टक्के भाग कापायला लागलेला वेळ म्हणजे त्याचा कालांक. (खोली २५, पाणी ६५ असेल तर ५० अंश गाठायला लागलेला वेळ.) ढवळत्या पाण्यात तो काही सेकंद भरतो, स्थिर हवेत काही मिनिटं.

पुढचं गणित सोपं आहे. तापमान एकसारखं उतरत असेल तर सेन्सर जेवढा मागे राहतो तो फरक म्हणजे उतरण्याचा वेग गुणिले कालांक. कालांक १० सेकंद आणि वेग मिनिटाला २ अंश असेल तर फरक ०.३ अंशाच्या आसपास. म्हणजे तुमचे दीड-दोन अंश केवळ उशिरामुळे आलेले नाहीत. संशय दोघांच्या टोकांच्या जागेवर घ्या. न ढवळलेल्या चंचुपात्रात वरचं पाणी तळापेक्षा गरम असतं. तापमापकाचा फुगा आणि सेन्सरचं टोक रबरबँडने शेजारी बांधा, पाण्यात सारखंच खोल ठेवा, वाचनाआधी ढवळा. चिप नळीच्या टोकाशी असते, पण नळीतून उष्णता वर जाते, म्हणून निदान ४ सेंमी बुडवा. केबलचा जोड मात्र पाण्यात जाऊ देऊ नका. तिथून ओल आत शिरली की वाचनं हळूहळू भरकटतात आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

त्यानंतरही फरक उरला तर बर्फाची कसोटी घ्या. बर्फाचा चुरा पात्रात गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच ऊर्ध्वपातित पाणी घाला. पाणी जास्त झालं की बर्फ तरंगतो आणि तळाशी ४ अंशांचं पाणी साठतं, हीच नेहमीची चूक. टोक मध्यभागी ठेवून ४-५ मिनिटं ढवळा. शून्याऐवजी जे दिसेल ते नोंदवा आणि पुढच्या वाचनांतून वजा करा. −१० ते ८५ अंशांत उत्पादक ±०.५ अंशाची हमी देतो, त्यामुळे ०.३ दिसलं तर सेन्सर बिघडलेला नाही. उकळत्या पाण्याला डोळे मिटून १०० धरू नका, समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीवर पाणी ९७च्या थोडं खालीच उकळतं.

वहीत ६३.४४ असं लिहू देऊ नका. १२ बिटांची पायरी ०.०६२५ अंश आहे खरी, पण पायरी बारीक म्हणजे मोजमाप अचूक, असं नव्हे.

प्रयोगवही
टोकं एकत्र बांधून ढवळल्यावर फरक अर्ध्या अंशावर आला. रोधक बदलल्यावर −१२७ही थांबलं. आता स्टिअरिक आम्ल: पुस्तकात द्रवणांक ६९ आहे, आलेखात ५५च्या जवळ भाग येतो आणि तोही सपाट नाही, उतरता आहे.

परीक्षानळी
सेन्सरला दोष देऊ नका. मेणबत्त्या-साबणासाठी विकलं जाणारं ‘स्टिअरिक आम्ल’ बहुतेक वेळा पामिटिक आम्लाशी मिसळलेलं असतं. मिश्रण शुद्ध पदार्थापेक्षा खाली आणि तापमानाच्या एका पट्ट्यात गोठतं, म्हणून उतार. तुमचा आलेख शुद्धतेची कसोटीच देतोय. शुद्ध आणि मिसळलेला असे दोन्ही नमुने मिळाले तर शेजारी शेजारी आलेख काढा, तो धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

कृती: २५ मिमी व्यासाच्या नळीत २० ग्रॅम आम्ल. याहून बरंच कमी घेतलं तर टोक ४ सेंमी बुडत नाही. ८० अंशांच्या पाण्यात पूर्ण वितळवा, टोक मध्यभागी काचेला न टेकता पकडा, मग नळी रिकाम्या चंचुपात्रात उभी करून हवेतच थंड होऊ द्या. थंड पाण्यात बुडवली तर कडा आधी गोठते, आणि सपाट भाग आखडतो. गोठलेल्या आम्लातून सेन्सर ओढून काढू नका, पुन्हा वितळवूनच काढा. डांबराच्या गोळ्यांचं नॅप्थालीन टाळा, त्याची वाफ घातक आहे.

उष्मामापी
पाण्याच्या आलेखासाठी एक भर. नववीला लॉगरिदम नको. दुसरा डीएस१८बी२० त्याच डेटा तारेवर जोडा (प्रत्येकाचा स्वतंत्र क्रमांक असतो, रोधक एकच पुरतो) आणि खोलीचं तापमान सोबत नोंदवा. खोली २५ असेल तर ८५ ते ५५ आणि ५५ ते ४० या दोन टप्प्यांचा वेळ ताडून पाहा. दोन्हींत खोलीशी असलेला फरक निम्मा होतो, म्हणून न्यूटनच्या शीतलन नियमाप्रमाणे (थंड होण्याचा वेग त्या फरकाच्या प्रमाणात असतो) वेळ सारखा यायला हवा. उघड्या पात्रात पहिला टप्पा लवकर संपतो, कारण गरम पाण्याचं बाष्पीभवन जास्त. मग झाकण लावून तेच पुन्हा करा आणि दोन टप्प्यांचे वेळ किती जवळ आले ते मुलांना मोजायला सांगा.