वॉशर-ड्रायर कपडे सुकवताना पाणी का घेतं?

कळव्याची_सून
पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून ८/५ किलोचं वॉशर-ड्रायर घेतलं. धुणं संपून ड्राय सुरू झालं की मागून पाणी सुरू असल्याचा बारीक आवाज येतो. नळ बंद करून पाहिला, तर मशीन एरर दाखवून थांबलं. सुकवायला पाणी कशाला? व्हॉल्व्ह गळतोय का? एवढं करून चादरी दमटच. सासूबाई म्हणतात, यापेक्षा पंखा बरा.

पाना_पक्कड
ताई, व्हॉल्व्हला काही झालेलं नाही, नळ उघडा ठेवा. मी हीच मशीन दुरुस्त करतो, हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. ड्रमच्या वर एका डक्टमध्ये हीटर आणि पंखा असतो. गरम हवा ड्रममध्ये जाते, ओलावा घेऊन टबमागच्या कंडेन्सरमध्ये येते. तिथे नळाच्या पाण्याची बारीक धार सोडलेली असते. वाफ गार होऊन तिचं पाणी होतं, पंप ते ड्रेनमध्ये फेकतो आणि तीच हवा पुन्हा हीटरकडे. म्हणून तर भिंतीला भोक पाडून वाफेची नळी काढावी लागत नाही. सगळ्याच मशीनना पाणी लागतं असं नाही. काही हवेनं गार करतात, काहींत हीट पंप, म्हणजे फ्रिजसारखी यंत्रणा असते. तुमचं पाण्यावरचं.

आता चादरी. ८ किलो धुण्याचे, सुकवण्याचे ५ च. धुतलेलं सगळं तसंच ड्रायला सोडलंत ना? निम्मं बाहेर काढा. चादर तर बाकीचे कपडे पोटात घेऊन बोचकं करते, आत हवाच जात नाही. आणि स्पिन १४०० वर ठेवा. १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट वीज जातेच. स्पिनमध्ये तेच पाणी जवळजवळ फुकटात निघतं.

म्युनिकचा_मुलुंडकर
पाण्याचं तापमान विसरू नका. इथे हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फागत येतं, वाफ चटकन धरते. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी आलं तर तेच काम रेंगाळणार.

कळव्याची_सून
म्हणजे मे महिन्यात भर दुपारी नाही लावायचं. तसंही आमच्या सोसायटीत दुपारी पाणी बंदच असतं! आणि कपडे काढल्यावर गरम असताना ओलसर लागतात, ते?

पाना_पक्कड
ती कापडात अडकलेली वाफ. लगेच झटकून खुर्चीवर पसरा, जाते. ड्रममध्येच राहू दिलेत तर मात्र वास मारणार. टॉवेल सुकवले की एकदा रिकाम्या ड्रमचं रिन्स-स्पिन घ्या, दाराच्या रबराच्या घडीतला लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटे तंतू, बोटानं काढा. बऱ्याच मॉडेलना वेगळी जाळी नसते, लिंट थेट डक्टमध्ये जाऊन बसतो. हवा अडली की हीटरचा कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उडतो, मग मला वरचं झाकण उघडावं लागतं. आणि प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच, एक्स्टेंशन बोर्डवर नको.