यूटातील ०.०५ ची मर्यादा: योग्य कडकपणा की चुकीचा नेम?

वासॅचवासी:
३० डिसेंबर २०१८ रोजी यूटा राज्याने वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०८ वरून ०.०५ टक्क्यांवर आणली. इतकी कडक मर्यादा लावणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ही शिफारस २०१३ मध्येच केली होती. पण मार्च २०१७ मध्ये गव्हर्नर गॅरी हर्बर्ट यांनी विधेयकावर सही केली, तेव्हा मद्यव्यवसायाच्या एका संघटनेने वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन, सुट्टीसाठी येणारा पर्यटक येथून गुन्हेगार होऊन परतेल, असा प्रचार केला होता. १९८३ मध्ये ०.०८ ची मर्यादा स्वीकारणाऱ्या अगदी पहिल्या राज्यांतही यूटाच होते, आणि बाकी सगळ्या राज्यांना तिथवर यायला २००४ साल उजाडले, तेही महामार्गांचा केंद्रीय निधी कापला जाईल अशी तरतूद झाल्यावर.

राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१६ च्या तुलनेत २०१९ मध्ये यूटातील प्राणघातक अपघातांचे प्रमाण, प्रवासाच्या अंतराच्या हिशेबात, १९.८ टक्क्यांनी घटले; उर्वरित देशात ही घट ५.६ टक्के होती. माझे मत स्पष्ट आहे: बाकीच्या राज्यांनीही हा कायदा करावा. आपल्याकडचे लोक येथे आल्यावर ०.०५ ला जाच म्हणतात याचे मला नवल वाटते, कारण भारतातील मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ आहे.

हिशेबी:
भारतातील मर्यादा कागदावर कडक आहे म्हणून तिथले रस्ते सुरक्षित झाले, असे तुम्हीही म्हणणार नाही. मग यूटातल्या आकड्याला इतके श्रेय कशासाठी? तुम्ही दिलेल्या तुलनेत नवा कायदा लागू असलेले पूर्ण वर्ष एकच, २०१९ चे, आहे, आणि पुढच्याच वर्षी महासाथीने वाहतुकीचे सगळे गणित विस्कटले. एका वर्षाच्या आधारावर देशभराचे धोरण ठरवणे मला धाडसाचे वाटते.

त्यापेक्षा स्कॉटलंडकडे पाहा. तेथे डिसेंबर २०१४ मध्ये हीच मर्यादा ०.०८ वरून ०.०५ वर आणली गेली, शेजारच्या इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र ती ०.०८ च राहिली, त्यामुळे तुलनेची सोय आयतीच झाली. ग्लासगोच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात अपघात कमी झाल्याचे दिसले नाही. नियम बदलला, पण रस्त्यावर तपासणी वाढली नाही, हे त्याचे संभाव्य कारण सांगितले गेले. पिऊन गाडी चालवणारा माणूस दशांशचिन्हापुढचे आकडे पाहत नाही, आज रात्री आपल्याला कोणी अडवील का, एवढेच पाहतो.

वासॅचवासी:
स्कॉटलंडचे उदाहरण महत्त्वाचे आहे, परंतु त्यातून मर्यादा निरुपयोगी ठरत नाही, तपासणी अपुरी ठरते. यूटाच्या त्याच अभ्यासातील पाहणीत, मद्यपान करणाऱ्यांपैकी बावीस टक्क्यांहून अधिक लोकांनी नव्या कायद्यानंतर आपले वागणे बदलल्याचे सांगितले; परतीच्या प्रवासाची सोय आधीच करून ठेवणे हा त्यातला मुख्य बदल होता. यूटात मद्य वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन पंथीयांमुळे पिणारेच थोडे, म्हणून तेथील अनुभव इतरत्र लागू नाही, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मला तो उलटा वाटतो: पिणारेच थोडे असतील, तर फरकही थोडाच दिसायला हवा होता.

तिसरी बाजू:
आपण दोघेही मर्यादेवरच बोलत आहात आणि शिक्षेचा प्रश्न बाजूला राहतो आहे. यूटात पहिल्या गुन्ह्यालाही किमान ७०० डॉलर दंड व त्यावर अधिभार, किमान ४८ तासांची कैद किंवा तिच्याऐवजी तितक्या तासांचे सेवाकार्य आणि प्रौढ चालकाचा परवाना १२० दिवस निलंबित, अशी तरतूद आहे. कमाल शिक्षा सहा महिन्यांची कैद. दहा वर्षांत तिसऱ्यांदा सापडल्यास तो गंभीर गुन्हा होतो. याउलट विस्कॉन्सिनमध्ये, गाडीत सोळा वर्षांखालील मूल नसेल, तर पहिली वेळ हा फौजदारी गुन्हाच मानला जात नाही, केवळ दिवाणी दंड होतो. एकाच देशात, त्याच प्रमाणात प्यालेल्या माणसाला एका राज्यात कोठडी आणि दुसऱ्यात पावती, ही तफावत मला न्याय्य वाटत नाही. यूटात ०.१६ च्या वर शिक्षा वाढते हे खरे, परंतु ०.०५ आणि ०.१५ या दोघांना जवळपास एकाच पारड्यात तोलणे कोणत्या न्यायात बसते?

आणि जे नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी न्यायालयाची शिक्षा हा अर्धाच भाग आहे. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकेचे परराष्ट्र खाते अशा नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकते. दोषसिद्धीची वाट पाहत नाही. देशातील वास्तव्य लगेच संपत नाही, पण पुण्या-नागपूरला आई-वडिलांना भेटायला गेलेल्या माणसाला नवा व्हिसा घेताना वकिलातीने ठरवलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि तोवर नोकरी तिकडे खोळंबते. पुढे खटला निकाली निघाला तरी ही फरपट चुकत नाही. ०.०५ च्या मर्यादेने अशा अटकेचे जाळे रुंदावते.

रात्रपाळी:
तिसरी बाजू यांचे म्हणणे वाचून मला थोडे आश्चर्य वाटले. अमेरिकेत रस्त्यांवर होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीनांत एक मृत्यू मर्यादेबाहेर प्यालेल्या चालकाशी संबंधित असतो. ज्याला व्हिसाची एवढी काळजी आहे त्याने टॅक्सी मागवावी. भाडे वकिलाच्या फीपेक्षा नक्कीच कमी पडते. मरणारा शेजारच्या गाडीतला असतो आणि त्याला अपिलाची सोय नसते.

तिसरी बाजू:
टॅक्सी मागवावीच, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप अटक आणि दोषसिद्धी यांतला फरक पुसला जाण्यावर आहे, आणि तो निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूने आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी स्थलांतराच्या एका प्रकरणात दिलेल्या निर्णयाचे उदाहरण घ्या. संबंधित काळात पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोन किंवा अधिक वेळा दोषी ठरलेल्याचे नैतिक चारित्र्य चांगले नाही, असे त्यात गृहीत धरले आहे. तो कठोर असला तरी निदान दोषसिद्धीवर उभा आहे.

हिशेबी:
मी पुन्हा तपासणीवर येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मिशिगनच्या खटल्यात नाकाबंदीला मान्यता दिली, आणि गंमत अशी की त्याच मिशिगनच्या न्यायालयाने पुढे त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे ती बंद केली. टेक्सास आणि विस्कॉन्सिनमध्येही अशी नाकाबंदी होत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने १९८२ मध्ये कोणत्याही चालकाला थांबवून यंत्रात फुंकायला लावण्याची पद्धत सुरू केली. अमेरिकेची राज्यघटना त्याला वाव देत नाही. म्हणून येथे माझी पसंती इग्निशन इंटरलॉकला आहे. फुंकल्याशिवाय इंजिन सुरूच न होणारे हे यंत्र दोषी ठरलेल्या प्रत्येकाच्या गाडीत पहिल्याच वेळी बसवावे. ०.०५ चा कायदा इतर राज्यांत आला तर मी त्याला विरोध करणार नाही, पण त्यासोबत तपासणीचा खर्च मंजूर झाला आहे का, हे आधी विचारीन.