तान्ह्या मुलांच्या हृदयपंपावर सोलापुरात काम करावे का?

धागाकर्ता (यंत्र अभियांत्रिकीचे अध्यापक, सोलापूर)

आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तान्ह्या मुलांच्या हृदयपंपाच्या (दुबळ्या हृदयाऐवजी रक्त ढकलणाऱ्या यंत्राच्या) चाचणीवर काम करावे, असे मी महाविद्यालयातील बैठकीत सुचवले, तेव्हा "हे सोलापुरात कशाला?" असा प्रश्न आला. तोच प्रश्न इथे चर्चेला ठेवतो.

मोठ्यांचा पंप लहान मुलाला लावून भागत नाही. प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, तर ५ किलोच्या बाळाला पाऊण ते एक लिटर पुरते. मोठा फिरता पंप इतक्या कमी प्रवाहावर चालवला, तर रक्त आत रेंगाळून गुठळी धरते. आणि पंपच लहान करून पाते अधिक वेगाने फिरवावे, तर अरुंद फटींत रक्तपेशी फुटतात. यंत्रमागाची गती वाढवली की सूत तुटते, हे इथे कोणाला सांगायला नको. पण तुटलेला धागा कामगार गाठ मारून सांधतो, फुटलेली रक्तपेशी सांधता येत नाही.

आम्ही अ‍ॅक्रिलिकचा एक साधा नमुना केला आणि रक्ताच्या घट्टपणाशी जुळावे म्हणून पाण्यात साधारण ४० टक्के ग्लिसरीन मिसळले. शाईचा थेंब सोडल्यावर बाकी सगळे स्वच्छ झाले, तरी आत येणाऱ्या नळीच्या मागच्या कोपऱ्यात निळा ठिपका बराच वेळ तसाच फिरत राहिला. बाळाच्या पंपात गुठळी धरण्याची भीती अशाच जागी असते. ती जागा शोधायला मोठे रुग्णालय लागत नाही, चिकाटी लागते.

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ, सोलापूर)

सर, आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, परंतु मी सहमत नाही. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या हृदयाला केवळ छिद्र असते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर ते मूल पुढे शाळेत धावते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांत तपासणी करतो. तरीही निदान झाल्यावर विड्या वळणाऱ्या आईने मजुरी बुडवून अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला किती खेपा घालायच्या, हा प्रश्न उरतोच. पंप मुख्यतः प्रत्यारोपण होईपर्यंत आधार देतो, आणि लहान मुलाच्या मापाचे दान केलेले हृदय मिळणे अत्यंत दुर्मिळ आहे. ते मिळाले नाही, तर ते मूल किती महिने यंत्राला जोडलेले ठेवणार?

प्रतिसाद २ (अतिदक्षता विभागातील परिचारिका, सध्या पुण्यात)

मी बर्लिन हार्ट (लहान मुलांसाठीचा एक हृदयपंप) लावलेल्या मुलाची शुश्रूषा केली आहे. त्याचा पंप शरीराबाहेर, पोटाजवळ असतो आणि पारदर्शक असतो. प्रत्येक पाळीत आम्ही बॅटरीच्या उजेडात त्याचा कानाकोपरा न्याहाळत असू. पांढुरका तंतू किंवा काळसर ठिपका दिसला की लगेच डॉक्टरांना बोलवायचे. त्यामुळे सरांचा निळा ठिपका मला नेमका कळला. मात्र मुलांवरील चाचणीबाबत घाई नको. अमेरिकेत याच पंपाच्या अभ्यासात २४-२४ मुलांचे दोन गट होते आणि प्रत्येक गटात सुमारे २९ टक्के मुलांना मेंदूविषयक गुंतागुंत झाली. एक्मोपेक्षा (शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत सोडणाऱ्या यंत्रापेक्षा) या पंपावर मुले अधिक काळ जगली, म्हणून २०११ मध्ये त्याला मान्यता मिळाली, हेही खरे. परंतु त्या २९ टक्क्यांमागच्या प्रत्येक आईशी कोणीतरी बोलले असेल.

प्रतिसाद ३ (निवृत्त कापड कारखाना अभियंता)

मला परिचारिकाताईंच्या सावधपणात एक अडचण दिसते. ज्यांना असा पंप लागतो अशी मुले मुळातच थोडी असतात, त्यामुळे प्रौढांच्या औषधासारखी हजारोंची चाचणी कधीच होणार नाही. म्हणून माणसावर येण्यापूर्वीचे काम, म्हणजे प्रयोगशाळेतील प्रवाह, प्राण्यांच्या रक्तावर पेशी किती फुटतात याची मोजणी आणि मग मेंढ्यांवरील चाचणी, दुप्पट कडक असले पाहिजे. त्यातले पहिले पाऊल सोलापुरात का पडू नये?

धागाकर्ता

डॉक्टर, आपला मुद्दा मला मान्य आहे. छिद्राच्या शस्त्रक्रियेचा एक रुपयाही या कामाकडे वळवावा, असे मी म्हणणार नाही. पण विषाणूमुळे हृदयाचा स्नायू सुजलेल्या काही मुलांत तो पुन्हा सावरतो आणि पंप काढता येतो. त्या मुलांना दान केलेल्या हृदयाची गरजच राहत नाही, फक्त तेवढे आठवडे तग धरायचा असतो. आयात केलेला पंप परवडत नाही, हे कारण पुरेसे नाही काय? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेत हृदयाच्या कृत्रिम झडपेचे आधीचे तीन नमुने अपयशी ठरले, चौथा १९९० मध्ये रुग्णाला बसवला गेला आणि ती झडप आयात केलेल्या झडपेपेक्षा स्वस्तात मिळू लागली. पहिल्या अपयशानंतरच थांबले असते, तर ते झाले नसते.

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)

स्नायूच्या सुजेबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे; प्रत्यारोपणावर भर देताना मी त्या मुलांना बाजूला ठेवले होते. पैसा आधी छिद्राच्या शस्त्रक्रियांवर खर्च व्हावा, हे माझे मत मात्र कायम आहे. आपल्या विद्यार्थ्यांना एकदा बाह्यरुग्ण विभागात पाठवा. ५ किलोच्या बाळाची छाती किती लहान असते, ते त्यांनी आराखडा काढण्यापूर्वी हाताने पाहावे.